गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत एक सेल

पोरा, निफाडच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारं यंत्र बसवतोयस, तर आधी बागेचं वेळापत्रक बघ. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की साधारण चार महिन्यांनी काढणी. मधे डावणी रोगाच्या धास्तीचे दिवस येतात, तेव्हा सेल बदलायला कुणाला फुरसत नसते. सातपूरच्या कारखान्यात यंत्राला वीज भिंतीतून मिळते, तिथे हा विचार करावा लागत नाही. बागेत तोच आधी करायचा.

हिशेब मांड. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमधून सतत १ मिलिअँपिअर गेला तर तो १०८ दिवस पुरतो, तोही कागदावर. बोर्डावरचा छोटा लाल दिवा एकटाच एवढं खाऊ शकतो, म्हणजे काढणीआधीच सेल संपला. तो दिवा आधी उखड. यंत्रातली ईएसपी३२ चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, हे डेटाशीटमधलं खरं आहे, पण ते नुसत्या चिपचं. तयार बोर्डावरचा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप जागेच राहतात.

सेन्सरचा पुरवठा मॉस्फेटमधून दे आणि वाचन झालं की तोड. पण डेटाची पिन हाय राहिली तर सेन्सर तिच्यातूनच करंट ओढत बसतो. म्हणून झोपण्याआधी ती लो कर, आणि पुल-अप रेझिस्टर असतील तर तेही तोडलेल्या बाजूलाच जोड. मी बघितलंय, लोक इथे चुकतात आणि दोष चिपला देतात.

खरा खर्च जागेपणी होतो. दर १५ मिनिटांनी उठून वायफायवर ५ सेकंद १०० मिलिअँपिअर घेतलेस, तर सरासरी अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर जाते. त्यापुढे झोपेतले १० मायक्रोअँपिअर किस झाड की पत्ती! तेव्हा दर १५ मिनिटांनी मोज, पण वायफाय न उघडता. आकडे आरटीसी मेमरीत ठेव, कारण गाढ झोपेत बाकीची रॅम पुसली जाते. पाठवायचं तासातून एकदाच. आणि एवढं अगदी लक्षात ठेव: शेतातली लाईट गेली की राऊटर बंद पडतो, आणि यंत्र रात्रभर त्याला शोधत जागं राहतं. एका रात्रीत सेल निम्म्यावर येतो. १० सेकंदांत जोडणी झाली नाही तर सरळ झोपव, आकडे पुढच्या तासाला जातील.

आता मोजणी. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटर लावून चिप उठू दिलीस, तर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि चिप रीसेट होते. म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांना एक तार आडवी जोड. चिप झोपली की तार काढ, आकडा वाच, आणि ती उठायच्या आत तार परत लाव. आकडा १०० मायक्रोअँपिअरच्या वर असेल तर बोर्डावर अजून कुणीतरी जागं आहे. एकेक भाग सुटा करून पुन्हा मोज, आणि तो सापडेपर्यंत डबी बंद करू नकोस.