सांगाडा फुकट मिळतो

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन एकाच प्रश्नाने वाजू लागतो. "सर, एआय-डीएस ब्रँच मिळत नाहीये, आता काय?" फोन आईचा किंवा बाबांचा. ज्याला शिकायचंय तो मागे कुठेतरी गप्प बसलेला असतो. इंजिनीअरिंग, डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, सगळ्या वाटांनी प्रोग्रामर होता येतं. त्यांचे नियम माहितीपुस्तिकेत आहेत, तेवढी वाचा.

मला बोलायचंय ते दीड महिन्यात 'डेव्हलपर' घडवणाऱ्या क्लासांबद्दल. परवा एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. "आम्ही प्लगिन बनवलंय," म्हणाले. हे 'आम्ही' मला फार छळतं. लॅपटॉप उघडायला लावला. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेसला जोडायचं प्लगिन होतं, पण सगळ्या फायली डब्ल्यूपी-सीएलआय या अवजाराने ओतलेल्या. काळ्या खिडकीत 'डब्ल्यूपी स्कॅफोल्ड प्लगिन' आणि पुढे हवं ते नाव टाइप करा, एंटर मारा. मुख्य फाइल, रीडमी, चाचण्यांचा फोल्डर, कोड तपासायचे नियम, सगळं हजर. आवृत्ती ०.१.०. लेखकाच्या रकान्यात 'तुमचं नाव इथे' असं इंग्रजीत लिहिलेलं, तेही कोणी बदललं नव्हतं. चाचणीच्या फायलीत एकच तपासणी: खरं हे खरं आहे का? ही जन्मात नापास व्हायची नाही! याजागी खरी चाचणी लिहा, अशी सूचना तिथेच आहे. क्लासने यावर प्रमाणपत्र दिलं होतं.

"साहेब, हा सांगाडा फुकट मिळतो," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मुलाचा मात्र पहिल्यांदाच खुलला. त्याला हे ठाऊक होतं.

अवजाराचा दोष नाही. ते उत्तम आहे, मीही वापरतो. वर्डप्रेसऐवजी ड्रुपल वापरणारेही ड्रश या त्यांच्या अवजाराने मॉड्यूलचा असाच साचा काढतात. पण मुख्य फायलीच्या तळाशी 'तुमचा कोड इथून सुरू' अशी ओळ असते, आणि पगार त्या ओळीच्या खालच्या मजकुराचा मिळतो. फॉर्ममध्ये कोणी वाकडं काही भरलं तर डेटाबेस वाचेल का? वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली की प्लगिन कोसळेल का?

"पीएचपी जुनं झालं ना?" वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्याबद्दलचा हाही ठरलेला प्रश्न. २००३ साली आलेल्या वर्डप्रेसवर आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालतात. त्या सांभाळायला माणसं लागतात. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात प्लगिन द्यायला पैसे पडत नाहीत, पण ते आधी तपासलं जातं. तिथून दोनदा परत आलेलं आणि दुरुस्त करून तिसऱ्यांदा लागलेलं प्लगिन मला कुठल्याही प्रमाणपत्राहून जास्त सांगतं.

त्या मुलाची आई डबे पुरवते. मी काम दिलं: आजची भाजी वेबसाइटवर आपोआप दिसली पाहिजे, तारीख मराठीत.

तो जरा थांबला. "सर, सुट्टीच्या दिवशी काय दाखवायचं?"

वडील उत्तर द्यायला सरसावले. मी त्यांच्यापुढे चहा सरकवला.