सळईच्या वरच्या थराचं शास्त्र

जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीतून निघणाऱ्या वितळलेल्या पोलादाचा, म्हणजे हीटचा, नमुना केमिस्ट स्पेक्ट्रोमीटरवर तपासतो. कार्बन किती, गंधक किती, हे लगेच कळतं. पण गंज धरतो तो सळईच्या वरच्या थरात, आणि तिथे काय घडतंय हे शोधणारं शास्त्र निराळं आहे. बारावी सायन्सनंतर ‘इंजिनिअरिंग नाही, तर मग काय?’ या काळजीत असलेल्या घरांनी या पृष्ठविज्ञानाकडे जरूर बघावं.

यातलं महत्त्वाचं यंत्र म्हणजे एक्सपीएस. निर्वात कक्षात नमुन्यावर क्ष-किरण सोडले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. खोलवरचे वाटेतच ऊर्जा गमावतात, म्हणून माहिती मिळते ती वरच्या जेमतेम 10 नॅनोमीटरची. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येतंच, शिवाय ते कोणत्या अवस्थेत आहे तेही समजतं. शुद्ध लोखंडाचं शिखर 707 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतं, गंजातल्या लोखंडाचं 711 च्या आसपास. आलेख यंत्र काढतं. त्याचा अर्थ लावणारा माणूस मात्र तयार व्हायला वर्षं लागतात, आणि किंमत आहे ती त्यालाच. एक्सपीएस पद्धत विकसित करणाऱ्या काई सीगबान यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं.

थेंब पृष्ठभागाशी करतो तो स्पर्शकोन मोजणं त्या मानाने सोपं. थेंब पृष्ठभागावर पसरतो की गोळा होऊन राहतो, हे त्यावरून कळतं, आणि ते बीजप्रक्रियेत लेप देणाऱ्यांनाही उपयोगी पडतं. आणि बियाणं तर जालन्याची ओळखच.

वाट अशी: फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं (आयसीटी) मराठवाडा संकुल 2018 पासून जालन्यातच आहे. संशोधनासाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुलीला हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी पुणे विद्यापीठात संशोधन केलेल्या डॉ. सुलभा कुलकर्णी यांचं पृष्ठविज्ञानातलं काम पाहावं.

पालकहो, नुसत्या बीएस्सीवर सुरुवात बहुधा क्वालिटी विभागातल्या साध्या पगारावर होते. पुढची पाच-सहा वर्षं शिकू देण्याची तयारी घरात आजच बोलून घ्या. आणि प्रवेशाआधी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः बघा. यंत्रांना प्रत्यक्ष हात लावायला मिळतो का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.