घर, अंगण आणि पाण्याची वाट
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास)

चारही बाजूंनी मोकळे ते स्वतंत्र घर, ही व्याख्या मुले सहज पाठ करतात. परंतु असे घर खरोखर स्वतंत्र असते काय? हा प्रश्न मुलांच्या मनात उत्पन्न करणे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय. भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे. इतर शिक्षकांनी आपापले गाव घ्यावे.

कोन हे कल्याणसमोर, खाडीच्या पलीकडील तीरावर आहे. कल्याणच्या बाजूस दुर्गाडी किल्ला, मध्ये पूल आणि पुढे भिवंडीकडे जाणारा रस्ता. कल्याणास १८५४ साली आगगाडी आली. दोन्ही शहरे वाढली, तशी त्यांच्यामधील गावे उपनगरांसारखी झाली. कौलारू घरांशेजारी इमारती उभ्या राहिल्या.

प्रथम फळ्यावर एक कौलारू घर काढावे. ओटी, माजघर, पडवी, परसू ही नावे मुलांकडूनच वदवून घ्यावीत. नंतर विचारावे, ‘पागोळ्यांचे पाणी कोठे पडते? तेथून कोठे जाते?’ उत्तरे बहुधा अंगणापाशीच थांबतील. पाठाचा खरा आरंभ तेथूनच होतो.

आता थोडे गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. छप्पर ८० चौरस मीटर व पाऊस २५ मिलिमीटर असल्यास दोन हजार लिटर पाणी जमते. भोवती १२० चौरस मीटर मातीचे अंगण असेल, तर त्यावरील पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो. तेच अंगण सिमेंटने झाकले, तर छप्पर व अंगण मिळून सुमारे पाच हजार लिटर पाणी शेजाऱ्याच्या दिशेने निघते. शेजाऱ्याने भराव घालून जागा उंच केली असेल, तर ते आपल्याच दारी परत येते. कुंपण माणसाची हद्द सांगते. पाणी ती मानीत नाही.

येथील खाडीस भरती-ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्याच वेळी मोठा पाऊस झाला, तर नाल्यांचे पाणी खाडीत लवकर उतरत नाही. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसरातील वस्त्याही जलमय झाल्या. एवढा पाऊस वरील छपरावर पडता, तर किती लिटर पाणी झाले असते, हे मुलांनी काढावे.

शिक्षकांस एक सूचना. वर्गात बंगल्यातील, चाळीतील व भाड्याच्या खोलीतील मुले एकत्र बसतात. कोणाचे घर केवढे, हे विचारू नये. ‘तुझ्या दारापुढचे पाणी कोठे जाते?’ हा प्रश्न मात्र सर्वांस सारखाच लागू पडतो.

स्वाध्याय : पाऊस थांबल्यावर शिक्षकांसमवेत शाळेभोवती फिरून पाण्याची वाट कागदावर काढा. ती कोठे अडली आहे, तेथे खूण करा. ओढ्यात किंवा गटारात उतरू नका. तयार झालेला नकाशा मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीस दाखवावा; मुलांचे निरीक्षण गावाच्या उपयोगी पडते, हा अनुभव त्यांस अवश्य मिळावा.