समाजशास्त्राला निघालेल्या भाचीस

पुणे

चि. ऋतुजा,


विद्यापीठात एम. ए. समाजशास्त्राला तुझा प्रवेश झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. आनंद झालाय त्याला, पण घोरही लागलाय. ‘स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल ना हा विषय?’ असं त्याने दोनदा विचारलं. पडेल. पण तेवढ्यासाठीच येणार असशील तर सरळ सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जागा घे, दोन वर्षं वाचतील. नोकरीचंही स्पष्ट सांगते. नेट किंवा सेट झाल्यावरही कायम जागा मिळेल याची खात्री नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी कितीतरी मुलं माझ्या ओळखीत आहेत. संस्थांमध्ये, पाहण्यांमध्ये कामं मिळतात, पगार बेताचे असतात. हे सगळं धरूनही तू यावंस असं मला मनापासून वाटतं.

आल्याआल्या तू खोली शोधशील. तुझा अभ्यास तिथूनच सुरू होतो. आधी आडनाव विचारतील, मग गाव, मग ‘मटण-मासे करणार नाही ना?’ तुला बहुधा खोली मिळेल. तुझ्याबरोबर फिरणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला मात्र आडनाव सांगितल्यावर ‘आत्ताच गेली हो’ असं उत्तर येईल. त्याच रात्री वहीत लिहून ठेव: कोणती पेठ, जिन्यात उभं ठेवलं की आत बसवलं, कोणता प्रश्न कितवा आला, शब्द जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलंस की त्या शब्दांच्या जागी तुझे शब्द येतात, आणि मग त्या नोंदीचा उपयोग संपतो.

आणि मैत्रिणीच्या नोंदीखाली तुझीही लिही. आपल्या औशाकडच्या घरात सालगड्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा, तुला आठवत असेल. चहा वरून ओतला जायचा, कप ज्याचा त्याने धुवायचा. कुणी कुणाला वाईट बोलत नव्हतं, म्हणून आपल्याकडे ‘तसलं काही नव्हतं’ असं दादा आजही प्रामाणिकपणे म्हणतो. माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा प्रश्न मी आयुष्यभर शिकवला. तू तो प्रत्येक पुस्तकाला विचारावास, आणि त्याआधी स्वतःला.

पुस्तकांचं म्हणशील तर वेबर, डर्कहाइम वर्गात होतीलच. त्यांच्या जोडीला त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ वाच. 1915 सालचं हे पुस्तक. वतन, बलुतं, आलुतं, पाटील-कुलकर्ण्यांचे व्यवहार इतके बारकाईने मांडलेत की खळ्यावर कुणाच्या पदरात काय पडतं ते डोळ्यांपुढे येतं. पण गावोगाव फिरणाऱ्या जातींकडे वळले की आत्र्यांचा सूर बदलतो. हे लोक म्हणजे कुणब्याच्या डोक्यावरचा भार, असं ते लिहितात. पारध्याच्या पालातून तोच गाव कसा दिसला असता, हे त्या पुस्तकात नाही. म्हणून ते टाकून देऊ नकोस. कुठून लिहिलंय ते ओळखून वाच.

इरावतीबाई कर्वे तर पुण्याच्याच. मुंबईत घुर्यांकडे एम. ए., मग बर्लिनला पीएच. डी., आणि 1939 पासून डेक्कन कॉलेजात. बर्लिनमधले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांची मापं घेऊन बाईंनी निष्कर्ष दिला तो त्या मताला आधार न देणारा. गुरूसमोर हे मांडायला किती धैर्य लागलं असेल! तरी पुढे महाराष्ट्रातल्या जातींचा अभ्यास करताना त्यांनी मापपट्टी खाली ठेवली नाही, हेही विसरू नकोस. मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते चालण्याचं. वारीत दिंडीबरोबर त्या चालल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे पाहून त्यांना जे दुःख झालं, तेही त्यांनी लिहिलं. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकरांबरोबर केलेली पाहणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा कामाला गावोगाव जावं लागतं.

शर्मिला रेगे तुझ्याच विद्यापीठात शिकवत होत्या. 2013 मध्ये अकाली गेल्या. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथनं आपण हळहळत वाचतो आणि मिटून ठेवतो. रेगेंनी 2006 च्या पुस्तकात दाखवलं की त्यांत जात आणि बाईपण यांच्याविषयीचं ज्ञान आहे, ते समाजशास्त्राने शिकायचं आहे. विभागात बसून इतका मूलभूत बदल सुचवणारी माणसं फार थोडी.

आता थोडं कामाच्या पद्धतीचं. तू क्षेत्रकार्याला कचरावेचक बायकांकडे जाशील अशी माझी इच्छा आहे. 1993 साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासद बहुतेक दलित बायका. त्यांच्या कामाची मोजदाद झाली, त्यांच्यामुळे महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा खर्च किती वाचतो याचा हिशोब मांडला गेला, आणि त्या आकड्यांच्या बळावर मागण्या पुढे रेटता आल्या. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. आकडेमोड रुक्ष असते असं म्हणणाऱ्या मुलांना मी हेच उदाहरण द्यायचे.

त्यांच्याकडे सकाळी जाऊ नकोस, ती फेरीची वेळ. दुपारी माल निवडत बसतात तेव्हा जा, आणि आधी विचारून जा. ‘महिन्याला किती मिळतात?’ असं विचारलंस तर काहीतरी गोल आकडा सांगतील आणि गप्प होतील. त्याऐवजी कालचा दिवस विचार. काल किती वाजता निघालात, कोणत्या गल्लीत गेलात, काय सापडलं, कुठल्या दुकानी घातलं, त्याने काय भाव दिला, उचल किती कापली? कालचा दिवस माणसाला आठवतो, आणि त्यात घर, कर्ज, नवरा, मुलीची शाळा सगळं आपोआप येतं. त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी, हे ध्यानात ठेव. लिहून झालं की परत जाऊन त्यांना वाचून दाखव. ‘असं नाही म्हटलं मी’ म्हणाल्या तर खोड.

परीक्षेच्या आदल्या महिन्यात गाईड घेऊ नकोस. इंग्रजीला भिऊ नकोस. रोज चार पानं, पेन्सिल हातात धरून. नोंदी मात्र माणसं ज्या मराठीत बोलली त्याच मराठीत ठेव.

जयकर ग्रंथालयाचं कार्ड मिळालं की ‘गावगाडा’ काढ, आणि फिरस्त्यांवरचा भाग वाचून तुला काय वाटलं ते मला दोन पानांत लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, लिहूनच पाठव.

तुझी,
आत्या