शिवणवर्गाचे वेषप्रदर्शन : नियोजन व कामाची वाटणी

बारामती व इंदापूर हे नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधले तालुके. नीरा डाव्या कालव्याखाली येथे ऊस उभा राहिला, तर सुप्याकडील जिरायत पट्ट्यात ज्वारी-बाजरीवरच भर राहिला. बागायत असो वा जिरायत, शेतातील काम आटोपल्यावर हाताला दुसरे काम असावे ही गरज दोन्हीकडील स्त्रियांना सारखीच आहे. शिवणयंत्र हे त्या गरजेचे जुने साधन होय. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांना स्वावलंबी करण्याचे जे कार्य आरंभिले, त्यात शिवणकामाला स्थान होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाल्यावर खेडोपाडी महिला मंडळे निघाली व त्यांच्याबरोबर शिवणवर्गही आले. पुढे १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ साली ‘उमेद’ अभियान यांनी बचत गटांच्या रूपाने हे काम पुढे नेले.

शिवणवर्ग चालविणे हे एक काम आणि वर्गात तयार झालेले कपडे गावापुढे मांडणे हे दुसरे. कपडा शिवला जातो, घरात वापरला जातो, आणि तो शिवणारीचे नाव कोणाला कळतही नाही. ज्यास आता सर्रास ‘फॅशन शो’ म्हणतात, ते वेषप्रदर्शन या दृष्टीने उपयोगी पडते. मात्र ते नीट योजले नाही तर दागिन्यांचे व भारी कापडाचे प्रदर्शन होऊन बसते, आणि ज्या हातांनी टाके घातले ते पडद्यामागेच राहतात. म्हणून पुढील प्रत्येक निर्णय घेताना एकच कसोटी लावावी : यामुळे शिवणाऱ्या बाईचे काम लोकांना दिसेल काय?

अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने कृषी विस्तार सेवा स्थिर झाली. तेथील ग्रामीण मुलींच्या मंडळांत वेषप्रदर्शनाची जी प्रथा रुजली, तिचे मर्म हेच होते. मुलीने स्वतः शिवलेला पोशाख स्वतः अंगावर घालून परीक्षकांपुढे यावे, आणि शिवणीबरोबर खर्चाची नोंदही दाखवावी, असा तो रिवाज होता. आपल्याकडेही हा धडा घेण्यासारखा आहे.

वेळ व स्थळ

दिवस ठरविताना पंचांगापेक्षा शेताचे वेळापत्रक आधी पाहावे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, बेलवाडी, इंदापूर या मार्गाने जाते. त्या दिवसांत घरोघरी वारकऱ्यांची व्यवस्था असते. दिवाळीपूर्वी शिवणारीला गिऱ्हाइकांच्या कामातून सवड नसते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून ज्वारीची काढणी सुरू होते. म्हणून ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, ते रथसप्तमी हा काळ सोयीचा पडतो. आठवडे बाजाराचा दिवस मात्र टाळावा.

याच काळात गावोगावी हळदीकुंकू होते आणि त्यास जोडून प्रदर्शन घेण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी विचार करावा. शिवणवर्गात विधवा भगिनीही असतात, आणि पुष्कळदा यंत्रावर सर्वांत अधिक तास त्याच बसतात, कारण घर त्यांच्याच कमाईवर चालते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व तो राज्यभर चर्चिला गेला. जिच्या हातचा कपडा मंचावर येणार, तिलाच दाराबाहेर थांबावे लागेल असा प्रसंग ठेवू नये. वाण द्यायचेच असेल तर ते सर्वांना सारखे द्यावे.

प्रदर्शन दुपारी तीन वाजता सुरू करून साडेचारपर्यंत संपवावे. जानेवारीत अंधार लवकर पडतो. गळीत हंगामामुळे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रहदारी असते. स्त्रिया व मुले उजेडातच घरी पोचली पाहिजेत. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर किंवा देवळासमोरचा सभामंडप ही जागा पुरते. उंच मंचाची आवश्यकता नाही. पाच-सहा सतरंज्या एका रांगेत अंथरून दोन्ही बाजूंना प्रेक्षक बसविले की कपडा सर्वांना जवळून दिसतो. वीज गेली तर ध्वनिक्षेपकावाचून कार्यक्रम पुढे चालेल अशी तयारी असावी.

कामाची वाटणी

स्वयंसेवेचे काम बहुधा एकाच बाईच्या अंगावर येऊन पडते. ती सुरुवातीस उत्साहाने होकार देते, शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागते, आणि पुढल्या वर्षी अंग काढून घेते. वर्गाचे नुकसान येथेच होते. म्हणून प्रत्येक काम एकीकडे व तिच्या जोडीला दुसरी, अशी दोघींकडे सोपवावे. एकीच्या घरी पाहुणे आले वा मूल आजारी पडले तरी काम अडत नाही. बारा भगिनींमध्ये पुढील सहा कामे वाटता येतात :

१. समन्वय. बैठकी बोलाविणे, ग्रामपंचायतीकडून जागेची परवानगी घेणे व बाकी पाचही जोड्यांची विचारपूस करणे.

२. कपड्यांची नोंद. प्रत्येक कपड्यास क्रमांक देणे, शिवणारीचे नाव लिहिणे, कार्यक्रमानंतर तो परत करणे.

३. मापे व चाचणी. घालून पाहणे, दुरुस्त्या करणे, इस्त्री.

४. मंच व निवेदन. क्रम ठरविणे, वाचावयाचा मजकूर लिहिणे.

५. पाहुणे, पाणी व मुले. तान्ह्या मुलांसाठी एक खोली व तीत दोन जाणत्या मुली असाव्यात. ही सोय नसेल तर निम्म्या आया येत नाहीत.

६. हिशेब. जमा, खर्च व मागण्यांची वही.

समन्वयिकेने या सहांपैकी दुसरे कोणतेही काम स्वतःकडे घेऊ नये. तिच्याकडे मोकळा वेळ असणे हीच वर्गाची शिल्लक होय. कोणास काही सांगावयाचे असल्यास ते चारचौघींत न सांगता बाजूस घेऊन सांगावे. पगार नसलेल्या कामात माणूस टिकते ते मानामुळेच.

कपड्यांची निवड

चोवीस कपडे पुरेसे आहेत. प्रत्येकास दीड मिनिट धरले तर छत्तीस मिनिटे होतात. प्रास्ताविक, परीक्षकांचे बोलणे व आभार मिळून कार्यक्रम सव्वा तासात आटोपतो. प्रत्येक भगिनीचा निदान एक कपडा असावा, व कोणाचेही तीनांहून अधिक नसावेत.

कपड्यांचे चार गट करावेत. पहिला तान्ह्या मुलांचा : झबले, टोपडे, कुंची, दुपटे. दुसरा शाळेच्या मुलांचा : गणवेश, खणाचे परकर-पोलके. तिसरा नित्याचा व सणाचा : अस्तर लावलेले पोलके, कुर्ता, जुन्या इरकल लुगड्याच्या काठांपासून केलेला पोशाख. चौथा गट कामाच्या कपड्यांचा असावा, आणि त्याकडे विशेष लक्ष पुरवावे.

उसाच्या पानाची कड धारदार असते. फडात खुरपणी करताना हात कापू नयेत म्हणून स्त्रिया लुगड्यावर घरातील पुरुषाचा जुना सदरा घालतात. तो खांद्यात मोठा, बाह्यांत लांब व अंगात ढगळ असतो, आणि बाही गुंडाळली की हात पुन्हा उघडा पडतो. याच कामासाठी तिच्या मापाचा सदरा बेतता येतो. खांदा तिच्या मापाचा, पुढून गुंड्या, मनगटाशी बंद होणारी पूर्ण बाही, बाहीखाली वाकताना ताण पडू नये म्हणून चौकोनी जोड, व भ्रमणध्वनी, पैसे राहतील असा खोल, झाकणाचा खिसा. कापड सुती, घट्ट विणीचे, व कापण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढलेले असावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात सदरा आटतो. असा सदरा मंचावर आला की समोर बसलेल्या शेतकरी स्त्रियांना शिवणकलेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मात्र हा सदरा विषारी औषधांच्या फवारणीसाठी संरक्षक नव्हे, हे निवेदनात स्पष्ट सांगावे.

कपडा कोणी घालावा

शक्यतो शिवणारीने स्वतः घालावा, किंवा तिच्या घरातील माणसाने. सडपातळ वा गोऱ्या मुली निवडून त्यांना सर्वांचे कपडे घालण्याची पद्धत पत्करू नये. साठीच्या बाईच्या अंगावर नीट बसलेले पोलके हे पंधरा वर्षांच्या मुलीवरील पोलक्यापेक्षा बेतण्याची अधिक अवघड परीक्षा असते. एखादी भगिनी मंचावर येण्यास संकोचत असेल तर तिला आग्रह करू नये. तिचा कपडा दुसरीने हातावर धरून आणावा व शिवणारीचे नाव मात्र स्पष्ट घ्यावे. छायाचित्रे काढण्यापूर्वी प्रत्येकीची संमती विचारावी, मुलींच्या बाबतीत आईवडिलांचीही. भ्रमणध्वनीवरून चित्र एकदा गावभर फिरले की ते परत घेता येत नाही. दागिने घालू नयेत, असा नियम सर्वांना सारखा लावावा.

चाचणी

चार दिवस आधी सर्व कपडे घालून एकदा संपूर्ण चाचणी घ्यावी. या चाचणीत चालण्यापेक्षा कपड्याकडे पाहावे. हात वर केला असता पोलके उचलले जाते काय, बसल्यावर शिवण ताणते काय, काज व गुंडी समोरासमोर येतात काय, उरेब कापलेला घेर एका बाजूस लोंबतो काय, हे तपासावे. दोष आढळल्यास दुरुस्तीस तीन दिवस हाती राहतात. आदल्या दिवशी कोणताही कपडा नव्याने हाती घेऊ नये. मंचामागे सुया, दोरा, कात्री, हूक व सेफ्टीपिना यांचा एक डबा ठेवावा.

निवेदन व परीक्षण

निवेदनाचा मजकूर लहान असावा. शिवणारीचे नाव, कापड, शिवण्यास लागलेले तास व एकूण किंमत एवढे सांगितले म्हणजे पुरे. सौंदर्याची स्तुती टाळावी. चालणारीने मध्यभागी थांबून कपड्याची एखादी आतील शिवण उलटून दाखवावी. सदऱ्याची बाही, परकराची कड, झबल्याचा गळा हे सहज दाखविता येते. वरून सुबक दिसणारा कपडा आतून उसवलेला असेल तर तो दोन धुण्यांत विरतो, ही गोष्ट प्रेक्षकांनाही कळू लागते.

परीक्षक वर्गाबाहेरचे असावेत. शिवणकामाच्या एखाद्या शिक्षिकेबरोबर रोज शेतात जाणारी एक अनुभवी स्त्री घ्यावी. शंभर गुणांची विभागणी अशी करता येते : शिवण व आतील बाजू ४०, बेत व अंगास बसणे २५, कापडाची निवड व उपयोग २०, खर्चाची नोंद १५. परीक्षण कार्यक्रमापूर्वी, कपडा टेबलावर ठेवून करावे. घाईत मंचाकडे पाहून गुण देऊ नयेत.

किंमत व हिशेब

किंमत सांगताना बहुतेक भगिनी कापड, दोरा व गुंड्या धरतात आणि स्वतःचे श्रम सोडून देतात. समजा, एका सदऱ्यास २५० रुपयांचे कापड व २० रुपयांचे इतर सामान लागले, आणि शिवण्यास चार तास गेले. तासाला ६० रुपये धरले तर श्रमाचे २४० रुपये होतात व सदऱ्याची किंमत ५१० रुपये येते. तोच सदरा भिडेखातर ३५० रुपयांना दिला तर तिच्या हाती ८० रुपये, म्हणजे तासाला केवळ २० रुपये राहतात. हा हिशेब प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर लिहावा. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तरी आपण काय सोडून देत आहोत हे शिवणारीला तरी ठाऊक असले पाहिजे.

प्रदर्शनाचा खर्चही आधी ठरवावा. भाड्याचा मंडप, मोठी कमान, पाहुण्यांना शाली-श्रीफळ यांत वर्गाची गंगाजळी घालवू नये. पाणी, चहा, कागद व ध्वनिक्षेपक एवढ्यात काम भागते. कोणी देणगी दिली तर पावती द्यावी, आणि देणगीदाराच्या नावाचा फलक शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांच्या फलकाहून मोठा नसावा.

नंतरचे काम

प्रदर्शन संपले त्याच ठिकाणी मागणीची वही उघडी ठेवावी. नाव, माप, कपड्याचा क्रमांक, आगाऊ रक्कम व देण्याची तारीख लिहून घ्यावी. पंधरा सदऱ्यांची मागणी आली असता ती एकीने न घेता बेतणे, शिवणे, काजे-गुंड्या अशी वाटून घ्यावी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील वस्त्रोद्यानात आसपासच्या गावांतील स्त्रिया याच पद्धतीने, एकेक भाग शिवून काम करतात. सारख्या मापाचे, वेळेवर दिलेले काम हाती जमले की पुण्यात डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गाळा मागण्याचा विचार करता येतो.

आठ दिवसांच्या आत सर्व बारा जणींनी पुन्हा बसावे. हिशेब वाचून दाखवावा, कपडे परत पोचल्याची खात्री करावी, आणि कोणाच्या अंगावर अधिक काम पडले हे मोकळेपणाने विचारावे. पुढल्या वर्षी जोड्या बदलाव्यात. ज्या भगिनीने यंदा मुले सांभाळली तिने पुढल्या वेळी निवेदन करावे, आणि जिने हिशेब ठेवला तिने समन्वय शिकावा. दोन-तीन वर्षांत सर्व कामे सर्वांना येऊ लागतात, व वर्ग कोणा एकीवर अवलंबून राहत नाही.