मॉरिशस बेट आणि आपल्या विहिरीतील काळा पाषाण

(भूगोल-अध्यापनाकरिता टिपण)

पाठाचा हेतू : ज्वालामुखीजन्य बेट हा विषय बहुधा परदेशची हकीकत म्हणून शिकविला जातो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि लवकरच विसरतो. वस्तुतः वाशीम जिल्ह्याची जवळजवळ सर्व भूमी लाव्हारसापासूनच झाली आहे. म्हणून या पाठाचा आरंभ नकाशापासून न करता गावच्या विहिरीपासून करावा.

विषयविवेचन : विहिरीच्या कडेला वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि त्याहून खाली कठीण काळा पाषाण असे थर पुष्कळ ठिकाणी दिसतात. हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला व थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्या वेळी भारतभूमी आजच्या स्थानाच्या पुष्कळ दक्षिणेस होती. भूगर्भातील ज्या तप्त स्थानातून हा रस आला, त्याच स्थानाने पुढे हिंदी महासागरात मालदीवच्या प्रवाळबेटांखालील डोंगररांग, मॉरिशस व शेवटी रीयुनियन ही बेटे घडविली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ८० ते ९० लक्ष वर्षांचे आहेत. तेथील ज्वालामुखी आता शांत आहेत. रीयुनियनचा मात्र अद्याप जागृत आहे.

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर व सर्वोच्च शिखर ८२८ मीटर उंचीचे आहे. मध्यभागी पठार असून त्यावर क्यूरपीप गावाजवळ जुने ज्वालामुखीमुख दिसते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांनी या बेटावर उसाच्या मळ्यांत कष्ट केले. मळ्यांतून वेचलेल्या काळ्या दगडांच्या राशी तेथे आजही दिसतात. आपले शेतकरीही असेच दगड वेचून बांधावर रचतात. त्या मजुरांचे वंशज आजही मराठी शिकतात, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

हवामान : बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा असतो. त्याच काळात अधिक पाऊस पडतो व चक्रीवादळेही येतात. आग्नेयेकडून येणारे बाष्पयुक्त वारे पठारास अडून वर चढतात. त्यामुळे पठारावर वर्षास सुमारे ४,००० मिलिमीटर, तर आडोशाच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपणाकडे हेच कार्य सह्याद्री करतो. महाबळेश्वरी विपुल पाऊस पडतो आणि पूर्वेकडील पठारावर तो पुष्कळ कमी होतो.

वर्गातील मांडणी : एका विद्यार्थ्याने खडू एकाच जागी धरावा. दुसऱ्याने त्याखालून पाटी हळूहळू सरकवावी. खडू थांबून थांबून टेकविल्यास ठिपक्यांची रांग उमटते. पहिला ठिपका खडूपासून सर्वांत दूर गेलेला असतो. तो म्हणजे आपले पठार. शेवटचा ठिपका खडूच्या लगतच असतो. तो म्हणजे रीयुनियन. भूकवच सरकत राहिले, तप्त स्थान मात्र जवळजवळ स्थिर राहिले, हे मुलांस यावरून सहज उमगते.

एक दक्षता : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरास पुष्कळजण ज्वालामुखीचे मुख समजतात. ते तसे नव्हे. बेसॉल्टच्या पठारावर अशनी आदळून ते विवर झाले आहे. मॉरिशसचा गंगातलाव मात्र खरोखरीच ज्वालामुखीच्या मुखात साचलेला जलाशय होय.

स्वाध्याय : कठीण पाषाण पाणी शोषीत नाही, पाणी त्याच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरांत राहते. म्हणून विद्यार्थ्यांनी पावसाळ्यानंतर दरमहा, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, गावच्या विहिरीची पाणीपातळी मोजून वहीत नोंदवावी. पाणी कोणत्या थरापर्यंत उतरले म्हणजे विहीर आटू लागते, हे त्या नोंदीवरून त्यांनीच शोधावे. उन्हाळ्यात घागर घेऊन दूर जाणाऱ्या मुलीस या उत्तराचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. पाणी अडवून जिरविणे का आवश्यक आहे, हेही मग तिला आपल्याच नोंदीतून कळेल.