कर्करोग नोंदणी आणि आरोग्य सर्वेक्षण : वृद्ध रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्येबरोबर एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची ओळख करून देणे उपयुक्त ठरते, असे आम्हांस वाटते. यंदा वृद्ध कर्करुग्णांचा विषय निवडला आहे. मुळशी तालुक्यातील अनेक घरांतून तरुण पिढी नोकरीनिमित्त पुण्याकडे गेली असून गावी वडीलधारी मंडळीच राहतात. अशा घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबीय प्रथम विचारतात, "किती दिवस आहेत?" आणि थोड्या वेळाने, संकोचाने, दुसरा प्रश्न येतो, "उपचार केले तर त्यांना चालता-फिरता येईल ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने आपल्या देशात बऱ्याच काळापासून आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र दोन वेगवेगळ्या नोंदवह्या एकत्र वाचाव्या लागतात.

पहिली वही : कर्करोग नोंदणी

ठरावीक प्रदेशातील प्रत्येक नव्या कर्करुग्णाची नोंद ठेवणे म्हणजे लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. भारतातील अशी पहिली नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली. पुण्याची नोंदणी १९७३ पासूनची असून ती प्रामुख्याने शहरी वस्तीसाठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ साली सुरू झाला. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. खेड्यातील रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येईलच असे नाही. म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्णांचा शोध घेऊ लागले.

या वहीत रोग कोणता, केव्हा आढळला, कोणत्या अवस्थेत होता आणि रुग्ण हयात आहे की नाही, एवढे कळते. रुग्णाला रात्री झोप लागते का, स्वतःच्या हाताने जेवता येते का, हे कळत नाही.

दुसरी वही : आरोग्य सर्वेक्षण

सर्वेक्षणात घरी जाऊन व्यक्तीलाच विचारतात. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक परिसरात, २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासाचा भाग म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या ५,४३० व्यक्तींची पाहणी झाली. त्यांना दैनंदिन व्यवहारातील अडचणी आणि जीवनाविषयीचे समाधान यांबाबत विचारले गेले. पुढे २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशव्यापी वार्धक्य सर्वेक्षण केले. त्यात ७२,००० हून अधिक व्यक्ती होत्या. पैकी ३१,००० हून अधिक साठी ओलांडलेल्या होत्या.

या वहीचीही मर्यादा आहे. कर्करोग आहे की नाही, हे तेथे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून निदान लपवण्याची रीत आहे. "डॉक्टरांनी आपल्याला कर्करोग असल्याचे सांगितले आहे का?" असे विचारता आजी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात आणि निरोगी व्यक्तींत मोजल्या जातात.

दोन वह्यांचा मेळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास रोकडवही आणि बँकेचे पासबुक यांचा ताळमेळ घालणे परिचित असते. येथेही तेच करावयाचे असते. अमेरिकेत कर्करोग नोंदणी आणि ६५ वर्षांवरील विमाधारकांचे १९९८ पासूनचे आरोग्य सर्वेक्षण यांची अशी जोडणी करण्यात आली. सर्वेक्षणात त्याच व्यक्तीला दोन वर्षांनी पुन्हा विचारतात. या मधल्या काळात काहींना कर्करोग होतो. त्यामुळे रोगापूर्वीची स्थिती हाती लागते. रुग्णालयात माणूस आजारी पडल्यावरच येतो. त्याचे आधीचे दिवस आम्हांस केवळ ऐकून माहीत असतात.

या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,४३२ वृद्ध कर्करुग्णांची तुलना कर्करोग नसलेल्या ७,१६० समवयस्कांशी करण्यात आली. वयोमानाप्रमाणे थोडी घसरण सर्वांचीच होते. परंतु बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत शारीरिक आरोग्य समवयस्कांपेक्षा अधिक घसरल्याचे दिसले. फुप्फुसाच्या कर्करोगात ही घसरण विशेष मोठी होती. वार्धक्याचा वाटा किती आणि रोगाचा किती, हे असे वेगळे करता आले की वेदनाशमन, फिजिओथेरपी व आहार यांवर कोठे भर द्यावा हे ठरविता येते.

महाराष्ट्रातही जोडणीचे मोल सिद्ध झाले आहे. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० स्त्रियांच्या गर्भाशयमुख कर्करोग तपासणीचा अभ्यास झाला. पुढील वर्षांत कोणास रोग झाला व कोणाचा मृत्यू झाला, हे कर्करोग नोंदणीच्या साहाय्याने पडताळण्यात आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाल्याचे २००९ साली जाहीर झाले. तो अभ्यास ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांचा होता. वृद्धांच्या जीवनमानासाठीही हीच वाट उपयोगी पडेल.

अडचणी

पहिली अडचण नावाची. एकाच गावात एका आडनावाची कितीतरी घरे. कागदावर बाळासाहेब आणि घरी बाळू. विवाहित स्त्रीची माहेरची व सासरची अशी दोन नावे. वय विचारले तर "सत्तरच्या पुढे". खुर्द आणि बुद्रुक यांतही गोंधळ होतो. चुकीची जुळणी म्हणजे एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे, आणि न झालेली जुळणी म्हणजे जमा रक्कम हिशेबातच न येणे. २०२१ पासून देशभर दिला जाणारा १४ अंकी आभा क्रमांक येथे साहाय्यभूत ठरू शकेल.

दुसरी अडचण प्रश्नांची. पाश्चात्त्य प्रश्नावलीत शारीरिक कष्ट मोजताना गोल्फचा उल्लेख येतो. आमच्या आजोबांना भातखाचराच्या बांधावरून चालता येते का आणि जमिनीवर मांडी घालून बसता येते का, हे विचारावयास हवे. टाटा स्मारक रुग्णालयात कर्करुग्णांच्या जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली मराठी व हिंदीतून तपासली गेली, हे त्या दृष्टीने मोलाचे आहे.

तिसरी बाब गोपनीयतेची. जुळणी एकाने करावी, नावे काढून टाकावीत आणि मगच माहिती अभ्यासकांच्या हाती द्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी अधिकच वाढली आहे. शिवाय जे अतिशय आजारी असतात ते सर्वेक्षणात उत्तर देऊ शकत नाहीत. म्हणून येणारे चित्र वास्तवापेक्षा थोडे बरे दिसते, हे ध्यानात ठेवावे.

आपण काय करू शकतो

जोडणीचे काम मोठ्या संस्थांचे आहे; पण तिचा पाया तालुक्याच्या रुग्णालयातील केसपेपरवर रचला जातो. रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती की, नाव आधारपत्राप्रमाणे पूर्ण सांगावे, जुने रिपोर्ट जपून आणावेत आणि आजारापूर्वी आजी-आजोबा कोणती कामे करीत होते तेही नोंदवावे. त्रास किती होतो, हे मुलाने वा सुनेने न सांगता शक्यतो त्यांनाच सांगू द्यावे.

देणगीदार व विश्वस्तांस आमचे निवेदन असे की, यंत्रसामग्रीवर दात्याच्या नावाची पाटी लागते, नोंदवहीवर लागत नाही. तरीही प्रशिक्षित नोंद-लेखनिकाचे वेतन हा कार्यालयीन खर्च न मानता रुग्णसेवेचाच खर्च मानावा. आज नीट लिहिलेली प्रत्येक ओळ उद्याच्या एखाद्या कुटुंबाला त्या दुसऱ्या प्रश्नाचे अधिक खरे उत्तर देण्यास उपयोगी पडेल.